भागूआत्याचं बटण

एप्रिल लागला की सांगलीच्या हवेत हळद उतरते. बाजारात ढीग पडतात, पोती आपटतात, ट्रक हलतात, आणि ती बारीक पिवळी भुकटी वाऱ्यावर बसून आमच्या गॅलरीपर्यंत येते. वाळत घातलेल्या पांढऱ्या पोलक्यावर बसते, चहाच्या कपावर बसते, माझ्या चष्म्यावर बसते. बाहेरगावचे लोक म्हणतात, काय छान वास येतो हो तुमच्या गावाला. त्यांना म्हणावं, या आणि महिनाभर शिंका. मला तो वास आला की आधी नाक चोंदतं आणि मग डोकं फिरतं. नाकाचं कारण डॉक्टरांना ठाऊक आहे. डोक्याचं कारण एक गिटार आहे.

यंदा ते कारण पुन्हा घरात आलं. माझी नात प्रज्ञा परीक्षा संपवून पुण्याहून आली ती पाठीवर भलीमोठी काळी पिशवी अडकवून. पिशवीतून निघाली विजेवर वाजणारी गिटार. तिनं ती छोट्या स्पीकरला जोडली, बटण फिरवलं, आणि खर्रर्र. तापल्या कढईत ओल्या मिरच्या पडाव्यात तसा आवाज. मी आत गवार मोडत बसले होते, हात तिथंच थांबला. इतक्या वर्षांनी तो आवाज कानावर पडला आणि मला पहिल्यांदा काय आलं असेल? गहिवर नाही. चीड आली.

प्रज्ञा मात्र शांत. "काही नाही गं आजी, पॉटमध्ये धूळ गेलीय," म्हणाली. पिशवीतून फवाऱ्याचा डबा काढला, बटणाच्या कडेनं फुस्स केलं, बटण गरागरा फिरवलं. खरखर गेली. गॅसवरचा माझा चहासुद्धा अजून उकळला नव्हता. ज्या खरखरीनं माझा अख्खा उन्हाळा खाल्ला, माझी झोप खाल्ली, तिला या पोरीनं डासासारखं मारलं. मी चहात साखर घालायची विसरले आणि त्याचा रागही तिच्यावरच काढला.

तो उन्हाळा साठ आणि सत्तरच्या मधला. मी मॅट्रिकला गणितात आपटून घरी बसले होते. बसले होते म्हणजे ताठ बसले होते. दोन्ही वेण्या पुढं घेतलेल्या, आरशात बघून मान तिरकी करायची सवय जडलेली, आणि आपल्यात काहीतरी आहे अशी ठाम समजूत. काय आहे असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्या वेळचा एक फोटो आहे माझ्याकडे. तो बघितला की अजून त्या मुलीच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

दादा, म्हणजे माझे वडील, बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचे आणि जयंतीच्या दिवसांत आमच्या वस्तीची गायन पार्टी चालवायचे. जयंती एका दिवसात उरकत नाही, हे आमच्या लोकांना सांगायला नको. एप्रिलात सुरू होते आणि गावोगावची बोलावणी मे सरेपर्यंत येत राहतात. आज कुंडल, परवा तासगाव, मग कराडच्या पलीकडं उंब्रज. एसटीच्या टपावर ढोलकी आणि पेटी चढवायची, संध्याकाळी निळ्या झेंड्यांखाली बसून गायचं. बायका मागं बसून कोरस धरायच्या. वाद्य मात्र पुरुषांच्या हातात.

त्या वर्षी साताऱ्याकडच्या एका पार्टीनं विजेवरचा बेंजो आणला. कर्ण्यातून तो असा खणखणायचा की त्याच्यापुढं आमची पेटी म्हणजे मांजरानं जांभई दिल्यासारखी. दादांना ते फार लागलं. नेमका तेव्हाच माझा मामा रजेवर आला. तो खडकीला लष्कराच्या वर्कशॉपात होता. कॅम्पातला कुणी वाजवणारा कायमचा परदेशी निघाला होता, जाताना त्यानं मामाला आपली गिटार देऊन टाकली होती. तांबूस लाकडाची, वजनदार, पोटाला भोक नसलेली. पोकळ नाही म्हणून विजेशिवाय तिचा आवाज घोंगावणाऱ्या माशीपेक्षा मोठा नव्हता. तारा होत्या, तारांखालचं चुंबक होतं, वर दोन काळी बटणं होती, पण बटणांखालचं सगळं कुणीतरी उपसून नेलं होतं. मामानं रजा संपेपर्यंत मला एका तारेवर चाल काढायला शिकवली. पार्टीतल्या पुरुषांना आपापली वाद्यं सोडवेनात, आणि मी तर रिकामीच होते. बोटांची सालं गेली, पण चाल बसली. मग दादांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की उंब्रजला सुमन पुढं बसंल आणि हे वाजवंल.

झालं. मी जमिनीवरून चालायचं सोडून दिलं. वस्तीच्या नळावर घागर लावतानासुद्धा माझी मान तिरकी.

आता बटणांखालचं उपसलेलं भरून काढायचं होतं. त्यासाठी आम्ही बाजारातल्या बोळात नाना रेडिओवाल्याकडं गेलो. नाना स्वतःला सर्वज्ञ समजायचे. तोंडात तंबाखू, कानावर पेन्सिल, आणि काहीही विचारलं की आधी "तुला काय कळणार" हे उत्तर. जुन्या रेडिओंतले सुटे भाग त्यांच्याकडं बिस्किटांच्या डब्यांत भरलेले असायचे. त्यांनी दोन कंट्रोल काढले आणि एक कंडेन्सर. कंट्रोल म्हणजे आता प्रज्ञा ज्याला पॉट म्हणते तो. पत्र्याच्या डबीत काळ्या कार्बनची पट्टी, घोड्याच्या नालेसारखी वळवलेली, आणि तिच्यावर फिरणारी पत्र्याची जीभ. दांडी फिरवली की जीभ फिरते, वाट लांब होते किंवा आखूड होते. कंडेन्सर म्हणजे मेणकागदात गुंडाळलेली, लवंगी फटाक्याएवढी वस्तू. तिच्या दोन्ही टोकांना शेपट्या. मी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा विचारलं होतं, की हा पेटवायचा कुठून. नानांनी ते वाक्य महिनाभर बाजारात सांगितलं.

ही वस्तू काय करते हे मला कुणी धड सांगितलं नाही. नानांना सांगायचं नव्हतं, मला कबूल करायचं नव्हतं की कळलं नाही. ते कळलं घरी, पीठ चाळताना. आवाजात बारीक असतं आणि जाड असतं. कंडेन्सर ही चाळणी. बारीक, टोचणारा आवाज तिच्यातून खाली पडतो, तो थेट जमिनीत जातो. जाड वर राहतो, आणि आपल्याला ऐकू येतो तो वर राहिलेला. कंडेन्सर मोठा घेतला तर चाळणीची भोकं मोठी, बरंच काही गळून जातं आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो. लहान घेतला तर थोडंच गळतं, आवाज खणखणीत राहतो. आणि बटण म्हणजे चाळणीच्या तोंडाशी धरलेला हात. उघडला तर गळू द्यायचं, मिटला तर अडवायचं. एवढंच. पण हे एवढं कळायला मला दोन पायली पीठ चाळावं लागलं, आणि ते कळल्यावर मी इतकी हरखले की कोंडा कुत्र्याला घालायचा तो भाकरीत घातला.

नानांनी आधी हाताला लागेल तो कंट्रोल बसवला, कमी ओहमचा, म्हणजे कमी अडवणारा. बटण पूर्ण मिटलं तरी आवाज गार. पाटाचं दार लावलं तरी बुडातून पाणी झिरपत राहावं, तसं बारीकसारीक सगळं आधीच निसटून जात होतं. मी म्हटलं, नाना, यात जीव नाही. ते म्हणाले, तुझ्या बोटांत नसंल. मग दादा स्वतः गेले तेव्हा कुठं जास्त ओहमचा निघाला. तो बसवला आणि समाजमंदिरात, जिथं आमच्या वस्तीतलं एकुलतं विजेचं कनेक्शन होतं, पहिल्यांदा तार छेडली. काय सांगू. कांद्याची पात मोडावी तसा ताजा आवाज. दादांनी क्लॅरिओनेट खाली ठेवलं आणि नुसते ऐकत राहिले.

आणि आठवडा गेला नाही तोच खरखर सुरू झाली.

बटणाला बोट लावलं की खर्रर्र. नुसतं लावलं नाही तरी मधेच आवाज जायचा, परत यायचा, कुणीतरी गळा दाबून सोडल्यासारखा. कोरसच्या बायका हसायच्या. ढोलकीवाले तात्या म्हणायचे, सुमे, तुझी गिटार सुपारी खातीया काय गं. नाना कंट्रोल उघडायचे, पट्टी पुसायचे, स्पिरिट लावायचे. दोन दिवस नीट चालायचं, की पुन्हा तेच. मी कंडेन्सरवर संशय घेतला, तो बदलला. तारेवर घेतला, ती बदलली. समाजमंदिराच्या विजेवर घेतला. शेवटी नानांवर घेतला आणि त्यांच्या तोंडावर सांगितलं, की तुम्ही रद्दी भाग घालता. त्यावर त्यांनी उघडा कंट्रोल माझ्या नाकाशी धरला. आत पिवळं.

"हळद," नाना म्हणाले. "तुमच्या घरातली. वखारीची."

ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं. माझी आई आणि भागूआत्या दोघी हळदीच्या वखारीत हळकुंडं निवडायला जायच्या. संध्याकाळी घरी यायच्या तेव्हा पापण्यासुद्धा पिवळ्या. अंथरुणं पिवळी, पाण्याच्या घागरीवर पिवळे पंजे. पण नानांनी ते ज्या तोऱ्यात म्हटलं तो तोरा माझ्या अजून डोक्यात आहे. घरी येऊन मी हैदोस घातला. जुन्या लुगड्याची दुहेरी खोळ शिवली, गिटार तिच्यात कोंबली, आईला आणि आत्याला सांगितलं की वखारीतून आल्यावर बाहेर कपडे झटकल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. आई थकून उंबऱ्यावर बसली होती. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि पदर झटकला. दिवसभर पोती उपसून आलेल्या बाईला दारात उभं करणारी ती दोन वेण्यांची कलावंतीण. धपाटा घालावासा वाटतो म्हणते तो उगाच नाही.

खोळ घातली. खिडकीला पडदा लावला. खरखर तशीच.

दादांचा धीर सुटत चालला होता. त्यांनी आवाज चढवला नाही, तो त्यांचा स्वभावच नव्हता. तालमीनंतर क्लॅरिओनेट पुसता पुसता म्हणाले, "सुमन, उंब्रजला जाईस्तवर ही खरखर गेली तर तू पुढं बसशील. न्हाईतर आपली पेटी बरी. लोकांनी जयंतीला येऊन खरखर ऐकायची का?" पेटी म्हणजे पेटीवाले काका पुढं, आणि मी मागं कोरसात, तेसुद्धा दादांनी मनावर घेतलं तर. मी त्या दिवशी जेवले नाही. कुणी फारसा आग्रहही केला नाही, याचाच राग जास्त आला.

पुढच्या वेळी नानांनी कंट्रोल उघडला. पेन्सिलीच्या टोकानं पट्टीवरचं उकरून कागदावर घेतलं. "पिवळं मी समजू शकतो," म्हणाले. "हे तांबडं कुठनं आलं?"

मी वाकून बघितलं. हळदीच्या भुकटीत तांबडे कण. ओलसर, बोटानं दाबून बसवल्यासारखे. कुंकू. आणि आमच्या घरात कुंकू नव्हतं.

म्हणजे आईच्या कपाळावर टिकली असायची, ती बाटलीतल्या गंधाची. हळदीकुंकवानं काही पुजायचं, हे आमच्या घरातून दीक्षेच्या वर्षी गेलं. दादांनी फळीवरचे देव टोपलीत भरून कृष्णेत सोडले होते. घाटावर सगळी वस्ती होती. भागूआत्याही होती. ती दादांची थोरली बहीण. कुंडलला दिलेली, नवरा लवकर गेला, तेव्हापासून आमच्याकडं. तिच्या कपाळावर मी कधी काही बघितलं नव्हतं.

एका दुपारी मी समाजमंदिरातून मधेच घरी आले. तालमीआधी तिथं सतरंज्या घालून गिटार न्यायला आले होते. आत्याच्या अंगात कणकण होती, म्हणून ती वखारीत गेली नव्हती. दारातून बघते तर खोळ उतरवलेली, गिटार आत्याच्या पत्र्याच्या ट्रंकेवर उताणी, आणि आत्या समोर मांडी घालून. मांडीत छोटा लाकडी करंडा. ती करंगळीशेजारचं बोट पाण्यात बुडवत होती, मग करंड्यात, मग बटणावर. आधी एका, मग दुसऱ्या. हलकेच, दांडीच्या अगदी बुडाशी. बाळाच्या कपाळाला लावावं तसं.

  माझ्या तोंडून जे निघालं ते फार वाईट होतं. मी म्हटलं, की आत्ये, तू माझा सत्यानाश केलास. कंट्रोल, पट्टी, जीभ, कंडेन्सर, सगळं तिच्यावर ओतलं. तिला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. ती करंडा पदराखाली धरून बसली.

"आगं, बोलणारी वस्तू हाय ती," आत्या म्हणाली. "कोऱ्या कपाळानं चार लोकांत कशी धाडायची? आपल्या घरातली कंची सनई, कंचा ढोल असा गेलाय?"

मी म्हटलं, दादांना कळलं तर? देव सोडलेत आपण.

"देव दिलं की मी," ती म्हणाली. "माझ्या हातानं टोपलीत ठेवलं. करंडा देवाचा न्हवता, माझा हुता."

 मला उलट उत्तर देण्यात कुणी हरवायचं नाही, पण त्या दुपारी मी हरले आणि हरल्याचा राग धरून बसले. तिनं कबूल केलं, की आता न्हाई लावत. मी नानांकडून कंट्रोल पुसून आणला. दोन दिवसांनी बघते तर दांडीच्या बुडाशी पुन्हा तांबडा ठिपका. आत्या माझ्याआधीच रडवेली. म्हणाली, हात आपसूक जातो गं. आणि मग फार मोठी सवलत दिल्यासारखी, "मग एकालाच लावती."

मला हसू यायला हवं होतं. आता येतं. तेव्हा मी अंगणात जाऊन कडुनिंबाच्या बुंध्यावर लाथ मारली आणि अंगठ्याचं नख काळं करून घेतलं.

दादांना सांगणं सोपं होतं. खरखर त्या दिवशी थांबली असती. पण दादा इतर बाबतीत मऊ आणि त्या एका बाबतीत पोलादी. ते आत्याला घालून पाडून बोलले नसते. नुसते करंड्याकडं बघून "आक्का" म्हणाले असते, आणि ते तिला पुरलं असतं. शिवाय खरं सांगायचं तर माझ्या पुढं बसण्याच्या मधे एक सबंध भाषण आलं असतं, आणि मला तेवढा वेळ नव्हता. दोन्ही कारणं खरी आहेत. कुठलं मोठं होतं ते मला तेव्हा कळत नव्हतं आणि आता ठरवायचं नाही.

मग चाळणीनंच वाट दाखवली. हात काढून घेतला तरी चाळणी चाळणीच राहते. बटणं नकोतच. कंडेन्सर आत कायमचा जोडून टाकायचा आणि आवाज लहानमोठा करायचा तो लाऊडस्पीकरवाल्याच्या मशीनवर. बटणं वर दिसायला तशीच राहतील, दांड्यांसकट, पण रिकामी. आत्यानं त्यांना हवं तेवढं कुंकू लावावं.

नाना ऐकून भडकलेच. "बटण हाय आन वायर न्हाई? लोकं मला खुळा म्हंतील."

मी म्हटलं, लोकांना सांगतंय कोण. कारण काही मी त्यांना सांगितलं नाही. ते कुरकुरत बसले आणि डबा पालथा केला. आता पंचाईत अशी, की बटण असलं म्हणजे आज असा आवाज, उद्या तसा, मनाला येईल तसं फिरवता येतं. बटण काढलं की एकच आवाज, कायमचा. तो निवडायचा होता. नाना एकेक कंडेन्सर डाग देऊन जोडायचे, मी तार छेडायची. मोठा जोडला, गोधडी. त्याहून लहान, आत्याचा सर्दीतला आवाज. अगदी लहान जोडला तर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. पुन्हा मधला. त्याच्याबरोबर एक ठरावीक रेझिस्टन्स, म्हणजे हात ना पूर्ण उघडा ना पूर्ण मिटलेला. दुपार टळली, डाग देण्याचा धूर डोळ्यांत गेला, नाना माझ्या सात पिढ्यांबद्दल पुटपुटत होते. शेवटी मी डोळे मिटले, मान तिरकी केली आणि म्हटलं, हाच. एखाद्या महान कलावंतासारखं म्हटलं. खरं म्हणजे सगळे सारखेच वाटायला लागले होते.

उंब्रजला आम्ही ऊन उतरताना पोचलो. हमरस्त्याच्या कडेला मंडप, लिंबाच्या फांदीला कर्णा बांधलेला. आमच्याआधी साताऱ्याकडच्या पार्टीचा बेंजो झाला होता आणि लोक अजून त्याच्याच टाळ्या वाजवत होते. आत्या बायकांत पुढं बसली होती. निघायच्या आधी सकाळी मी मुद्दाम घराबाहेर रेंगाळले होते, तिला वेळ मिळावा म्हणून. खोळ काढली तेव्हा दोन्ही बटणं कुंकू ल्यालेली होती.

पहिलं गाणं सुरू झालं. खरखर नव्हती. एक कण नव्हता. पण आवाज? मी नानांच्या दुकानात रेडिओच्या स्पीकरवर निवडलेला तो आवाज तिथंच राहिला होता. कर्ण्याला जाड सुरांशी काही देणंघेणं नव्हतं, त्यानं ते गिळले, आणि उरलं ते टोचत लोकांच्या कानात गेलं. लाऊडस्पीकरवाला आपल्या मर्जीनं मशीन वरखाली करत होता आणि माझ्या खुणांकडं बघून बिडी ओढत होता. एवढ्या खटाटोपानं, एवढ्या लपवाछपवीनं मिळवलेली जागा, आणि तिथं बसून मी डबडं वाजवत होते. बोटं चालू होती म्हणून वाजवत होते. आतून वाटत होतं, वाद्य फेकावं आणि हमरस्त्यानं चालत सांगलीला जावं.

दोन कडव्यांच्या मधे दादा वाकले. त्यांच्या कपाळावर आठी होती. त्यांनी क्लॅरिओनेट डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात सरळ माझ्या गिटारीच्या बटणाकडं नेला.  आता कळणार. बटण रिकामं फिरणार, दादा विचारणार, आणि सगळं मंडपात उघडं पडणार.

त्यांनी बटण फिरवलं. थोडं मागं, कान देऊन. मग अजून थोडं.

"हां," दादा म्हणाले. "आता बरं झालं."

ढोलकीवाल्या तात्यांनीही मान डोलावली. आणि काय सांगू, मलासुद्धा वाटलं की बरं झालं. कर्णा तोच, तार तीच, बटणाच्या बुडाला वायर नाही, आणि आवाज मात्र खाली बसल्यासारखा, मऊ झाल्यासारखा. मी जी वाजवायला लागले ती वाजवायलाच लागले. ऐन भरात मला एवढंच दिसलं, की दादा पुढच्या कडव्यासाठी क्लॅरिओनेट उचलताना थांबलेत आणि आपल्या बोटाकडं बघतायत. बोटाच्या टोकाला तांबडं.

त्यांनी बायकांच्या बाजूला बघितलं. आत्यानं पदर तोंडाशी धरला होता. ती त्यांच्याकडं बघत नव्हती, जमिनीकडं बघत होती. कडवं संपत आलं होतं, दादांची जागा आली. त्यांच्या खांद्यावर रुमाल होता. बोट पुसायला तो पुरला असता. त्यांनी तेच बोट क्लॅरिओनेटच्या चावीवर ठेवलं आणि फुंक भरली. ती चांदीची चावी पुढची सगळी गाणी तांबडा ठिपका लेऊन वाजली.

परतीच्या एसटीत कराड गेल्यावर दादा पुढच्या बाकावरून मागं न वळता म्हणाले, "आक्का, पेटीपरीस हे बरं वाजतंय." आत्या त्यांना लहानपणच्या नावानं म्हणाली, "व्हय रं सखा." झालं. त्या मोसमातल्या पुढच्या सगळ्या कार्यक्रमांत मी पुढं बसले. आणि दर वेळी, पहिल्या गाण्याच्या आधी, दादा येऊन ते बटण थोडं मागं घ्यायचे, कान द्यायचे, मान हलवायचे आणि मगच आपल्या जागी जायचे. लोकांना वाटायचं, काय बारकाईनं सूर लावतो हा माणूस.

ती गिटार आमच्या माळ्यावर आहे. प्रज्ञाला काल सापडली. तिनं मागचं झाकण खोललं, आत टॉर्च मारला आणि मला हाक मारली. "आजी, कुणी वायरिंग केलंय हे? दोन्ही पॉट कशालाच जोडलेले नाहीत. मी नवीन आणून घालते, एका तासाचं काम आहे." मी म्हटलं, हात लावू नकोस. इतक्या जोरात म्हटलं की ती दचकली. मग मलाच वाईट वाटलं, म्हणून गवार बाजूला ठेवून तिच्याजवळ जाऊन बसले. बटणाच्या खाचांत अजून तांबडं होतं, वाळून विटकरी झालेलं. ती फवारा घेणार होती. तो मी तिच्या हातातून काढून घेतला.

तिनं वायर खुपसायचं गंजलेलं भोक खरवडून गिटार आपल्या स्पीकरला जोडली. घरघर आली, मग एक सूर आला. जुना, जरासा टोचणारा. कंडेन्सर बहुतेक मेला असावा. प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं आणि माझं मन राखायला म्हणून ते बटण फिरवलं.

"काही फरक पडत नाही गं," ती म्हणाली.

"थोडं मागं घे."

तिनं घेतलं.

"अजून थोडं."

खिडकीतून हळद येत होती. मी कान दिला.

"हां. आता बरं झालं."